डॉक्टरांना पैसे नेमके कशाचे मिळतात? वेगवेगळ्या देशांतले हिशेब

दशमान (धागाकर्ता)

वेगवेगळ्या देशांतल्या आरोग्यव्यवस्थांचा एक तुलनात्मक तक्ता करायला घेतला आहे. ‘डॉक्टरांचा मोबदला’ या रकान्यात आत्तापर्यंत अशा नोंदी झाल्या: ब्रिटन – सरकारी पगार, कॅनडा – सरकारी पगार, जर्मनी – विमा, जपान – विमा, अमेरिका – खासगी फी.

मग वाचनात आलं की कॅनडातले डॉक्टर दर तपासणीमागे बिल लावतात, आणि अमेरिकेत बरेच डॉक्टर चक्क नोकरीत असतात. म्हणजे रकाना जवळजवळ सगळा खोडावा लागणार. डॉक्टरच्या हातात पडणारा पैसा कशावर मोजला जातो आणि प्रत्येक पद्धतीत गाडं कुठे अडतं, हे जाणकारांनी सांगावं. ‘फी दिली की लूट, पगार दिला की आळस’ इथपर्यंत सगळ्यांचीच मजल गेलेली असते, त्यापुढचं हवं आहे.

---

आडवातिडवा

नोंदी चुकल्या कारण एका रकान्यात दोन प्रश्न कोंबलेत.

पैसा येतो कुठून, हा एक प्रश्न: कर, सक्तीचा विमा, खासगी विमा किंवा रुग्णाचा खिसा. तो डॉक्टरला कशावर मोजून देतात, हा दुसरा: वेळेवर (पगार), डोक्यावर (यादीतल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम), कामावर (प्रत्येक तपासणीची, टाक्याची, एक्सरेची फी), अख्ख्या आजारपणावर (एकच ठोक रक्कम) किंवा उद्दिष्टावर (इतक्या टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला तर इतके). पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर निघत नाही. कॅनडात पैसा कराचा, पण डॉक्टर बहुतेक स्वतंत्र व्यावसायिक. अमेरिकेत कायझर पर्मनंटेसारख्या संस्थेत लोक विम्याचा हप्ता भरतात आणि त्यांना तपासणारे डॉक्टर मुख्यतः पगारावर असतात.

याच्या जोडीला आणखी दोन रकाने लागतील: दर कोण ठरवतं, आणि एकूण रकमेवर झाकण (म्हणजे वरची मर्यादा) आहे का. झाकणाचा रकाना लोक विसरतात. खरी मारामारी तिथेच असते.

---

नाडीपरीक्षा

ब्रिटनची नोंद सुधारतो. तिथे एक नाही, दोन ओळी लागतील.

एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली तेव्हा रुग्णालयातले तज्ज्ञ पगारावर आले. जीपी, म्हणजे घराजवळचे सामान्य डॉक्टर, मात्र नोकर व्हायला तयार नव्हते. ते कंत्राटदार राहिले आणि आजही दवाखान्याचे भागीदार जीपी कंत्राटदारच आहेत. (पगारी जीपीही पुष्कळ आहेत, पण त्यांना पगार देतो तो बहुधा भागीदारांचा दवाखाना.) दवाखान्याला मिळालेल्या पैशातून नर्स, स्वागतकक्ष, जागा, वीज सगळं भागवून जे उरतं ते भागीदारांचं उत्पन्न.

दवाखान्याच्या मिळकतीचा मोठा भाग डोक्यावर मोजलेला. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात वर्षाला माणशी सुमारे १२० पौंड. पण डोकं म्हणजे खरं डोकं नव्हे, ‘वजन’ दिलेलं. २००४ च्या कंत्राटापासून कार-हिल नावाचं सूत्र वापरतात. त्यात रुग्णाचं वय आणि लिंग, यादीत नव्याने आलेल्यांचं प्रमाण (नवा माणूस पहिल्या वर्षी जास्त फेऱ्या मारतो), दीर्घ आजारपण आणि मृत्युदर, भागाचा ग्रामीणपणा, कर्मचाऱ्यांचे स्थानिक पगार हे सगळं धरतात. त्यामुळे दोन दवाखान्यांत प्रत्यक्ष ८,००० माणसं असली तरी एकाचं वजन ८,७०० भरेल आणि दुसऱ्याचं ७,४००. तरण्या विद्यार्थ्यांची वस्ती असली की वजन उतरतं. म्हाताऱ्यांची असली की चढतं. गरीब वस्तीतल्या डॉक्टरांची जुनी तक्रार अशी, की सूत्रात वयाला झुकतं माप आहे आणि गरिबीला कमी. गरीब वस्तीत माणसं म्हातारी व्हायच्या आधीच आजारी पडतात, आणि अनेक जण म्हातारी होतच नाहीत.

डोक्यावर पैसे देण्यात काय बिघडतं?

एक, यादीत भुतं राहतात. माणूस गाव सोडून गेला, देश सोडून गेला, मेला, तरी नाव काढायची दवाखान्याला घाई नसते. म्हणून वरून याद्या झाडण्याच्या मोहिमा निघतात, आणि त्यात पत्राला उत्तर न देणारी जिवंत माणसंही झाडली जातात.

दोन, जे काम आपण केलं तर खर्च आपला आणि पुढे पाठवलं तर खर्च दुसऱ्याचा, ते पुढे जातं. लहानशी गाठ काढणं, सांध्यात इंजेक्शन देणं अशा कामांसाठी म्हणूनच डोक्याच्या पैशांशिवाय वेगळी फी ठेवावी लागते.

तीन, फेरी वाढली म्हणून पैसा वाढत नाही. तीच माणसं वर्षातून दुप्पट वेळा यायला लागली तरी रक्कम तेवढीच. सकाळी आठला वेळ मिळवण्यासाठी फोनची झुंबड, यामागे हेही एक कारण आहे.

२००४ मध्येच उद्दिष्टांचा भागही आला: क्यूओएफ. सुरुवातीला १४६ निकष आणि १,०५० पॉइंट. गणित असं चालतं: एका निकषाला समजा १४ पॉइंट, खालची पायरी ४० टक्के, वरची ७७ टक्के. तुमच्या ४० टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात असेल तर शून्य. ७७ किंवा जास्त असेल तर पुरे १४. मध्ये असेल तर प्रमाणात. म्हणजे ७७ च्या पुढचा रुग्ण ‘फुकट’. तो बरा झाला तरी दवाखान्याला दमडी जास्त मिळत नाही. जे रुग्ण येतच नाहीत किंवा ज्यांना औषध चालत नाही त्यांना हिशेबातून वगळायची सोय ठेवली होती. ती नसती तर असे रुग्ण कोणीच यादीत घेतले नसते, आणि असल्यामुळे नको तितके वगळले जातात की काय यावर कायम डोळा ठेवावा लागतो. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पॉइंट मिळवले आणि खर्च फुगला. स्कॉटलंडने २०१६ मध्ये हा प्रकार बंदच केला.

रुग्णालयातल्या तज्ज्ञांची ओळ वेगळी. २००३ च्या करारानुसार आठवड्याचे १० तुकडे, इंग्लंडात प्रत्येक तुकडा ४ तासांचा. संध्याकाळी ७ नंतर किंवा शनिवार-रविवारी तोच तुकडा ३ तासांचा धरतात. मूळ पगार विषयावर ठरत नाही, सेवेच्या वर्षांवर ठरतो. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच वेतनश्रेणीत. फरक पडतो तो खासगी कामाने, कारण गुडघे बदलणाऱ्याला बाहेर गिऱ्हाईक आहे आणि वृद्धरोगतज्ज्ञाला फारसं नाही.

---

दशमान

हे भलतंच उपयोगी. म्हणजे ‘सरकारी’ ब्रिटनमधला जीपी हा छोटा व्यावसायिक आहे!

पण एक शंका. डोक्यावर पैसे दिले की डॉक्टर काम टाळतो आणि कामावर दिले की वाढवतो, हे मान्य. मग जर्मनीत कामावर पैसे असून खर्च हाताबाहेर का जात नाही?

---

पै_पै

कारण झाकण. आणि ते झाकण कसं बसवलंय हे बघण्यासारखं आहे.

जर्मनीत नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक सक्तीच्या विम्यात असतात (बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्याची परंपरा). विमा फंड डॉक्टरला थेट पैसे देत नाही. प्रत्येक प्रदेशात विमा-डॉक्टरांची एक सार्वजनिक संघटना असते, देशभरात अशा १७. फंड ठोक रक्कम या संघटनेला देतो आणि संघटना ती आपल्या सभासद डॉक्टरांत वाटते. प्रत्येक कामाला रुपया-पैशात नाही तर पॉइंटमध्ये किंमत असते.

आता झाकण घट्ट असेल तर काय होतं, ते सोप्या आकड्यांत करून बघा. तिजोरीत १०,००,००० युरो. सगळ्या डॉक्टरांनी मिळून १,००,००,००० पॉइंटचं काम लावलं. एका पॉइंटला १० सेंट पडले. पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळून सव्वा कोटी पॉइंट लावले. तिजोरी तेवढीच. पॉइंट ८ सेंटांवर आला. आता जो डॉक्टर शहाण्यासारखा आपल्या जुन्या १,००,००० पॉइंटांवरच थांबला, त्याचे १०,००० युरोंचे ८,००० झाले. ज्याने काम २५ टक्क्यांनी वाढवलं तो १०,००० वर टिकला. कमाई कुणाचीच वाढली नाही, पण थांबणाऱ्याची घटली. म्हणून पुढच्या वेळी तोही पळणार, पॉइंट आणखी पडणार. १९९० च्या दशकात जर्मनीत हेच झालं आणि तिथे त्याला हॅमस्टरच्या चाकाची उपमा मिळाली.

तैवानमध्ये हेच गणित आजही दिसतं. १९९५ मध्ये एकच राष्ट्रीय विमा आला, मग १९९८ पासून आधी दंतवैद्य आणि २००२ पर्यंत रुग्णालयं अशी एकेक शाखा झाकणाखाली आणली. एक पॉइंट म्हणजे कागदावर एक तैवानी डॉलर. हातात पडतो तो बहुधा त्याहून कमी.

जर्मनीने पुढे दिशा बदलली. पॉइंटची किंमत आधीच जाहीर करायची (हल्ली ती १२ सेंटांच्या आसपास असते) आणि झाकण प्रत्येक दवाखान्यावर वेगळं बसवायचं. २००९ पासूनची पद्धत ढोबळमानाने अशी: गेल्या वर्षी याच तिमाहीत तुमच्याकडे जितके रुग्ण आले, गुणिले तुमच्या विषयातली एका रुग्णाची सरासरी रक्कम. एवढ्यापर्यंत पूर्ण दर. त्यापुढच्या कामाला खूप कमी (सामान्य डॉक्टरांवरचं हे झाकण ऑक्टोबर २०२५ पासून काढलं). यामुळे चाक थांबलं, पण नवी सवय लागली. सामान्य डॉक्टरच्या कमाईचा मोठा भाग म्हणजे रुग्ण तिमाहीत पहिल्यांदा प्रत्यक्ष आला की लागणारी वयानुसार ठरावीक रक्कम. त्याच तिमाहीतल्या पुढच्या भेटींना फारसं काही नाही. मग मधुमेहाच्या स्थिर रुग्णाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बोलावण्यापेक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलावलेलं बरं. आणि तिमाही संपत आली की ‘सध्या नवीन वेळा नाहीत’ असा फलक काही ठिकाणी लागतो.

खासगी विम्याच्या रुग्णाला वेगळं दरपत्रक. त्यात पॉइंटची किंमत ५.८२८७३ सेंट आणि गंमत गुणकात. साध्या सल्ल्याचे ८० पॉइंट, म्हणजे ४.६६ युरो. पण नेहमीच्या कामाला २.३ पट लावता येतात, म्हणजे १०.७२ युरो. लेखी कारण दिलं तर ३.५ पटीपर्यंत. या रुग्णांवर वरचं झाकण नाही. ‘खासगी रुग्णाला उद्याची वेळ आणि विम्याच्या रुग्णाला सहा आठवड्यांनी’ या तक्रारीचं मूळ इथे आहे.

---

आडवातिडवा

एवढा खटाटोप कशाला? सगळ्यांना पगार द्या, विषय संपला. जास्त केलं तरी तेवढेच, कमी केलं तरी तेवढेच. निदान डोकं रुग्णावर राहील.

---

नाडीपरीक्षा

पगाराने मोजमाप संपत नाही, एक मजला वर सरकतं. डॉक्टर पगारावर, पण रुग्णालयाला पैसे कशावर मिळतात? जर्मन रुग्णालयात डॉक्टर पगारीच असतात. रुग्णालयाला २००४ पासून आजाराच्या गटानुसार ठोक रक्कम मिळू लागली. त्या दबावाचा ओघळ खाली आलाच: विभागप्रमुखांच्या करारांत ठरावीक शस्त्रक्रियांच्या संख्येवर बोनस. शेवटी २०१३ मध्ये अशा अटींविरुद्ध कायद्यात तरतूद करावी लागली.

चीनमधलं उदाहरण याहून बोलकं आहे. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर पगारी. पण सरकारचं अनुदान तुटपुंजं, तपासणीची फी मुद्दाम स्वस्त ठेवलेली, आणि औषध विकलं की रुग्णालयाला १५ टक्के वरकड. डॉक्टरचा बोनस विभागाच्या कमाईतून. काय होणार? नुसतं बोलून पाठवलेला रुग्ण तोट्याचा, पिशवीभर औषधं घेऊन गेलेला फायद्याचा. २०१७ मध्ये सर्व सरकारी रुग्णालयांतून ही वरकड काढून टाकली आणि तपासणीचे दर वाढवले. त्यानंतर ओढा औषधांकडून चाचण्यांकडे किती सरकतो, यावर लक्ष ठेवणं आलं.

तेव्हा ‘पगार’ एवढंच लिहू नका. ‘पगार, आणि मालकाला कशावर मिळतं’ असं लिहा.

---

तांबडा_पेन

अमेरिकेचं मी सांगतो. तिथे ‘खासगी फी’ लिहिलंय, पण दरांचा पाया सरकारी आहे.

वृद्धांच्या मेडिकेअर विम्याने १ जानेवारी १९९२ पासून प्रत्येक कामाला सापेक्ष मूल्य द्यायला सुरुवात केली. हार्वर्डमध्ये विल्यम शाओ यांच्या गटाने त्याची मांडणी केली होती. प्रत्येक कामाला बिलात एक कोड असतो, त्याच्या मूल्याचे तीन भाग: डॉक्टरची मेहनत (वेळ, कौशल्य, ताण), दवाखान्याचा खर्च आणि चुकीच्या उपचाराच्या दाव्यांसाठीचा विमा. प्रत्येक भागाला त्या प्रदेशाच्या महागाईचा गुणक लावायचा, बेरीज करायची आणि एका डॉलर-गुणकाने गुणायचं. बाकीच्या खासगी विमा कंपन्या बहुधा याच मूल्यांवर आपला करार बेततात: मेडिकेअरच्या इतके टक्के. खासगी विमा सहसा मेडिकेअरपेक्षा जास्त देतो, गरिबांचा मेडिकेड सहसा कमी.

झाकण इथेही आहे, पण चोरपावलांनी येतं. मूल्यांत बदल केल्याने वर्षाचा खर्च २ कोटी डॉलरपेक्षा जास्त हलणार असेल तर बाकी कुठेतरी तेवढी कात्री लावायची, असा नियम. २०२१ मध्ये साध्या तपासणीची मूल्यं वाढवली. ९९२१३ या कोडची मेहनत ०.९७ वरून १.३० झाली, ९९२१४ ची १.५० वरून १.९२. चांगलीच गोष्ट, बोलून-तपासून उपचार करणाऱ्यांना न्याय. पण त्याची भरपाई म्हणून सगळ्यांचा डॉलर-गुणक घसरला: २०२० मध्ये ३६.०९ होता, २०२१ मध्ये ३४.८९, आणि तोही संसदेने वरून पैसे घातले म्हणून. २०२५ मध्ये ३२.३५. १९९२ मध्ये तो ३१ होता! मधल्या तेहतीस वर्षांची महागाई तुम्हीच लावून बघा.

मूल्यं सुचवते ती समिती अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, आणि तिच्यात वेगवेगळ्या तज्ज्ञशाखांचे प्रतिनिधी बसतात. कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज ते काम करणाऱ्यांच्याच सर्वेक्षणातून घेतात. नवी शस्त्रक्रिया सुरुवातीला दोन तास घेते, दहा वर्षांनी सराव आणि यंत्र सुधारून पाऊण तासात होते, पण मूल्य खाली यायला फार वेळ लागतो. बोलण्याचा वेळ मात्र यंत्राने कमी होत नाही. हाताने करायचं काम आणि बोलून करायचं काम यांच्या मिळकतीतली दरी बऱ्याच अंशी या एका कारणाने आहे.

आता नोकरीतला डॉक्टर. त्याच्या करारात मूल्यांचा फक्त मेहनतीचा भाग मोजतात. समजा, हमीचा पगार २,४०,००० डॉलर, उंबरठा ४,८०० एकक (वर्षभरातल्या मेहनतीच्या मूल्यांची बेरीज), त्यावर प्रत्येक एककाला ५० डॉलर. वर्षात ५,४०० एकक झाले तर ६०० × ५० = ३०,००० वरचे. सही करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: मूल्यं कोणत्या वर्षीच्या तक्त्याने मोजणार (२०२० च्या तक्त्याने मोजलं तर २०२१ ची वाढ मालकाच्या खिशात), सहायकाने पाहिलेल्या रुग्णाचे एकक कोणाच्या नावावर, आणि विमा कंपनीने नाकारलेलं बिल मोजणार की नाही.

रुग्णाच्या हातात येणारं बिल वाचताना घोळ होतो तो असा. दवाखाना लावतो २५०. विमा कंपनीशी ठरलेला दर १२०. म्हणजे १३० तिथल्या तिथे सोडून द्यायचे, ते कधी मिळणारच नव्हते. १२० पैकी समजा ८० टक्के, म्हणजे ९६ विमा कंपनी देते, २४ रुग्ण. ‘अमेरिकन डॉक्टरची फी २५०’ असं तक्त्यात लिहिलंत तर निम्म्याहून अधिक हवा लिहिलीत.

अजून एक. हाच दवाखाना रुग्णालयाने विकत घेतला की खोली तीच, डॉक्टर तोच, पण डॉक्टरच्या बिलातला खर्चाचा भाग घटतो आणि रुग्णालय स्वतःचं जागेचं वेगळं बिल जोडतं. बेरीज सहसा आधीपेक्षा मोठी येते. डॉक्टर मोठ्या संख्येने नोकरीत का गेले याचं सगळं उत्तर हे नाही, पण बरंचसं आहे.

---

पै_पै

तांबडा_पेन यांच्या मुद्द्याला जोड: रुग्णालयाला ठोक रक्कम (मेडिकेअरमध्ये १९८३ पासून) आणि डॉक्टरला मात्र कामागणिक फी, ही जोडी विजोड आहे. रुग्णाला लवकर घरी पाठवण्यात रुग्णालयाचा फायदा. डॉक्टर रोज वॉर्डात डोकावून गेला तर प्रत्येक दिवसाचं त्याचं बिल वेगळं. एकाच खाटेवर दोन घड्याळं उलटी फिरतात. लवकर पाठवल्याने रुग्ण परत दाखल होऊ लागले तर त्यासाठी २०१२ पासून रुग्णालयाला दंड.

---

चौकटीबाहेर

कॅनडा राहिलाच. सस्कॅचेवान प्रांताने १९६२ मध्ये सार्वजनिक विमा आणला तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तडजोड अशी झाली की विमा राहील, पण डॉक्टर नोकर होणार नाहीत, बिल लावतील. ती रचना अजून टिकून आहे. दर ठरतो प्रांत सरकार आणि डॉक्टरांची संघटना यांच्या वाटाघाटीत. १९८४ च्या कायद्याने विम्यातल्या सेवेवर रुग्णाकडून वरचे पैसे घेणं जवळजवळ बंद केलं: प्रांताने ते चालू दिलं तर केंद्राच्या अनुदानातून तेवढे कापले जातात.

ओंटारियोचं एक मिश्रण मुद्दाम सांगतो. तिथे बऱ्याच कुटुंब-डॉक्टरांना डोक्यावर पैसे मिळतात, त्यात ठरावीक कामांची टोपली समाविष्ट. टोपलीतलं काम केलं तरी ‘सावलीचं’ बिल लावायचं आणि नेहमीच्या फीचे थोडे टक्के घ्यायचे, म्हणजे नोंदही राहते आणि आळसही थोडा मोडतो. वर मूळ करारात एक उपलब्धतेचा बोनस. आपला रुग्ण बाहेरच्या दुसऱ्या सामान्य डॉक्टरकडे गेला की त्यातून कपात. पण रुग्ण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेला तर मूळ करारात कपात नाही. आता रविवारी रात्री दवाखान्याच्या फोनवर काय संदेश ठेवणं सोयीचं? ‘जवळच्या तातडीच्या विभागात जा.’ करार लिहिणाऱ्यांना हे हवं होतं असं कुणी म्हणणार नाही, पण हिशेब तोच शिकवतो.

ब्रिटिश कोलंबियाने फेब्रुवारी २०२३ पासून कुटुंब-डॉक्टरांसाठी वेळ, भेटी आणि यादीतल्या रुग्णांच्या आजारांची गुंतागुंत या तिन्हींवर मोजणारी पद्धत आणली. त्यात रिपोर्ट वाचणं, पत्रं लिहिणं यांचा वेळही बिलात धरता येतो. निव्वळ भेटीवरच्या फीमध्ये हे काम रात्री बसून फुकट करावं लागायचं.

जपानचं थोडक्यात: एकच राष्ट्रीय दरपत्रक, एक पॉइंट म्हणजे १० येन, दर दोन वर्षांनी फेरआढावा. २०२४ च्या आढाव्यानंतर पहिल्या भेटीचे २९१ पॉइंट आणि पुन्हा येण्याचे ७५, त्यातले साधारणपणे ३० टक्के रुग्णाने द्यायचे. तिथे झाकण पॉइंटांच्या संख्येवर नाही, किमतीवर. एखादी गोष्ट फार होऊ लागली की तिचीच किंमत उतरवतात. २००२ मध्ये एमआरआयची अशीच जोरात उतरवली. पुन्हा येण्याचे पॉइंट एवढे कमी, तर दवाखाना चालतो कशावर? पटापट आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या भेटींवर.

---

तिसरी_दाढ

डॉक्टरांबरोबर दंतवैद्यही धरणार असाल तर इंग्लंडचं २००६ चं कंत्राट जरूर घाला. मोजमापाचं एकक चुकलं की काय होतं त्याचा तो स्वच्छ नमुना आहे. तपासणीला १ एकक, दात भरणं किंवा काढणं ३ एकक, कवळी-टोपीसारखं काम १२. मेख अशी की एक दात भरला तरी ३ आणि सहा भरले तरी ३. दंतवैद्याने वर्षाला ठरलेली एककं पुरी करायची. ९६ टक्क्यांच्या खाली गेला तर पैसे परत. मग तोंडभर किडलेले दात घेऊन आलेला, वर्षानुवर्षं न आलेला रुग्ण कुणाला हवा असेल? ज्याला गरज जास्त तोच तोट्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली: तीन किंवा जास्त दात भरले तर ५, दाढेचं रूट कॅनॉल ७. सोळा वर्षं लागली.

---

दशमान

रकाने बदलले: पैसा कुठून / कशावर मोजून / दर कोण ठरवतं / झाकण कुठे / मालकाला कशावर मिळतं. ब्रिटन आणि जर्मनीला दोन-दोन ओळी.

फ्रान्सचं कुणी सांगेल का? आणि शेवटच्या रकान्यात सरासरी वार्षिक कमाई टाकावी म्हणतो, चालेल?

---

नाडीपरीक्षा

फ्रान्स: कामागणिक फी, दर राष्ट्रीय करारात ठरलेला. सामान्य डॉक्टरच्या भेटीला २२ डिसेंबर २०२४ पासून ३० युरो. नोंदवलेल्या आपल्या डॉक्टरकडे गेलात तर सक्तीचा विमा ७० टक्के, म्हणजे २१ धरतो, त्यातून २ युरो रुग्णाचे म्हणून कापतो, १९ परत देतो. ९ पूरक विमा देतो. नोंदणी न करता भलत्याकडे गेलात तर ७० ऐवजी ३० टक्के, म्हणजे ९ उणे २, फक्त ७. हे डॉक्टर ‘सेक्टर १’ चे. १९८० पासून ‘सेक्टर २’ आहे, तिथे डॉक्टर ठरलेल्या दराच्या वर मागू शकतो आणि वरचा भाग सक्तीचा विमा देत नाही. मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांत सेक्टर २ भरपूर, त्यामुळे इथेही दोन ओळी कराच.

कमाईचा रकाना मात्र जपून. जर्मन दवाखान्याचा आकडा उलाढालीचा असतो की खर्च वजा जाता उरलेला, ते बघा, कारण कर्मचारी, भाडं आणि यंत्रांत निम्म्याच्या आसपास जातं. ब्रिटिश भागीदार जीपीचा आकडा खर्च वजा जाऊन पण कर भरण्याआधीचा. अमेरिकन नोकरदार डॉक्टरच्या पगारात मालकाने भरलेला दाव्यांचा विमा धरलेला नसतो, स्वतंत्र डॉक्टर तो खिशातून भरतो. निवृत्तिवेतन कोणाच्या वाट्याचं, आठवड्याचे तास किती, शिक्षणाचं कर्ज किती, हे वेगळंच. रकाना ठेवायचाच असेल तर आकड्याशेजारी ‘कशाच्या आधीचा, कशाच्या नंतरचा’ हे प्रत्येक ओळीत लिहा. ते लिहिता येत नसेल तिथे चौकट रिकामी ठेवा.